शकुनच्या वाट्याचा कापूस

कापसाला त्या वर्षी असा भाव आला होता की हिवरखेडच्या शिवारात ज्वारीचं ताट शोधूनही सापडत नव्हतं. जिथे नजर टाकावी तिथे कापसाची पऱ्हाटी. ज्यांनी अकोल्याच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं, ते पारावर बसून मुंबईचे भाव बोलत. चंद्रभानच्या गोठ्यात दुसरी बैलजोडी आली, त्याच्या बायकोच्या, मैनाबाईच्या, गळ्यात नवी पोत आली. हे सगळं कुठून आलं, असं कोणी विचारलं नाही.

गावात कोष्ट्यांची थोडी घरं होती. त्यांतला शालिकराम लुगडी विणायचा आणि त्याची बायको शकुन सूत काढायची. शकुन आणि मैनाबाई एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. एकाच विहिरीवर दोघी रडल्या होत्या आणि पुढे एकाच विहिरीवर हसायला शिकल्या. दर हंगामात पहिल्या वेचणीतला थोडा कापूस चंद्रभानच्या घरून शकुनकडे जायचा. त्यातून घरची लुगडी-धोतरं विणून यायची, आणि उरल्या कापसावर कोष्ट्याचं घर चालायचं. ही रीत चंद्रभानच्या आजाच्याही आधीची.

त्या वर्षी शकुन आली ती अंगणातच उभी राहिली. एरवी ती सरळ ओसरीवर येऊन टेकायची.

"दादा, आमच्या वाट्याचा कापूस?"

चंद्रभाननं मान खाली घातली. "यंदा म्या शब्द देऊन बसलो व शकुन. शेतातला सारा कापूस अमरावतीच्या गुमास्त्याले. आता काय करू?"

"करसान काय तुमी! सारे तसंच सांगून राहिले. माग बंद हाय. आमी अकोल्याले जातो. तठी रेल्वेच्या सडकेवर माती टाकाचं काम निंगालं म्हणतात."

"शालिकरामभाऊ माती टाकीन?" मैनाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"हात तर हायेत ना," शकुन म्हणाली आणि हसली. ते हसणं मैनाबाईला सोसलं नाही. तिला शकुनला थांबवायचं होतं. पण काय सांगून थांबवणार? नव्या पोतीवर पदर ओढून घेत ती आत गेली.

चार दिवसांनी चंद्रभानच्या गाड्या अमरावतीला निघाल्या. मैनाबाईही सोबत निघाली. परतताना रिद्धपूरच्या तीर्थाला जाऊन दर्शन घ्यायचं, हे तिचं फार दिवसांचं मनात होतं.

अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रीघ लागली होती. कापूस उतरवायला वेळ होता म्हणून गाडीवान एका निंबाखाली टेकले. तिथे चिंतामण गुरुजी वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. ते शाळेत शिकवत, आणि सुट्टीच्या दिवशी बाजारात येऊन जमेल त्याला जगाच्या बातम्या सांगत. मैनाबाई जरा अंतरावर पदर सावरून बसली. थोड्या वेळानं तिला राहवलं नाही.

"गुरुजी, आमचा कापूस जाते तरी कुठं? अन् त्याले इतला भाव काहून?"

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "विलायतेला जातो बाई. तिथल्या गिरण्यांना आजवर अमेरिकेचा कापूस जायचा. आता अमेरिकेत दोन फळ्या होऊन लढाई जुंपली आहे. तो कापूस अडकला, म्हणून तुमच्या कापसाला मोल आलं."

"लढाई कायच्या पायी?"

"कारणं पुष्कळ सांगतात. पण मुळाशी एकच आहे. तिथला कापूस वेचणारी माणसं विकत घेतलेली असतात. आईला एका बाजारात विकायचं, लेकराला दुसऱ्या. हे चालू द्यायचं की नाही, यावर भांडण."

मैनाबाईनं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बोंडांची टोकं लागून ती लहानपणापासून खरबरीत झालेली होती. "अन् त्या गिरणीतले लोक?"

"त्यांचे हाल आहेत. काम नाही, घरातली भांडी विकून खातात. काही म्हणतात, तिथल्या सरकारनं माणसं विकणाऱ्यांच्या बाजूनं मध्ये पडावं आणि तो कापूस सोडवून आणावा. पण तिथल्याच एका गावच्या कामकऱ्यांनी सभा भरवून सांगितलं, की आम्ही उपास काढू, पण माणसं विकणाऱ्यांची बाजू घेऊ नका."

"ते त्या विकलेल्या मानसाइचे कोन लागतात?"

"कोणी नाही. त्यांनी एकमेकांना पाहिलेलंसुद्धा नाही."

चंद्रभानही ऐकत होता. तो म्हणाला, "हे मोठ्याइचं राजकारण हाय गुरुजी. गरिबाच्या म्हणण्यानं काय होते?"

गुरुजींनी कागदाची घडी घातली. "होतं की नाही, मला सांगता येत नाही. पण राजालासुद्धा कुठेतरी लाज धरावी लागते. आणि ती त्याला वाटायची असेल, तर आधी अशा माणसांना वाटावी लागते."

गाडीवान उठून बैलांकडे गेले. मैनाबाई नवऱ्याजवळ आली.

"आवो, मागची गाडी नका उतरवू."

"काहून?"

"ते तिकडचे गिरणीवाले म्हंजे कोष्टीच ना? त्याइच्या घरी चूल नाही, तरी ते दुसऱ्याचा इचार करून राहिले. अन् आपल्या दारचा कोष्टी माती टाकाले गेला."

"म्या शब्द देल्ला, मैना. त्याले काही किंमत हाय का नाही?"

"हाय ना. पन शकुनलेबी शब्दच होता. कोनी बोलून देल्ला नव्हता, इतलंच."

चंद्रभाननं बैलाच्या मानेवरून हात फिरवला. मग पागोटं नीट केलं आणि गुमास्त्याकडे, वामनरावाकडे, गेला. मैनाबाई लांबून पाहत होती. वामनराव आधी हसला, मग त्याचा आवाज चढला. कोणापुढे न वाकणारा तिचा नवरा हात जोडून उभा होता. आपण उगाच बोललो, असं तिला क्षणभर वाटलं.

तो परत आला. "सोडली गाडी."

"काय म्हने?"

"काही नाही. पुढच्या सालापासून आपला माल घेत नाही म्हने."

बाकीच्या गाड्यांचा भाव गुमास्त्यानं पाडला होता, हे चंद्रभाननं सांगितलं नाही. मैनाबाईला ते एका गाडीवानाकडून कळलं. आपल्याला कळलं, हे तिनंही त्याला सांगितलं नाही. त्या दिवशी तिनं त्याच्या भाकरीवर गूळ जरा जास्त ठेवला.

रिकाम्या गाड्या गड्यांनी हिवरखेडकडे वळवल्या. भरली गाडी घेऊन दोघं निघाले तेव्हा चंद्रभाननं विचारलं, "मंग, रिद्धपूर?"

"देव तठीच रायते. शकुन अकोल्याले किती दिवस तगते, काय सांगाव! अकोल्याले चला."

अकोल्याजवळ सपाट रानात रेल्वेसाठी मातीचा लांबच लांब बांध उठत होता. टोपल्या डोक्यावर घेऊन माणसं मुंग्यांसारखी वर चढत होती. सगळ्यांचे चेहरे मातीनं एकसारखे झालेले. मैनाबाईनं शकुनला ओळखलं ते चालण्यावरून. ती गाडीतून खाली उतरली. शकुननं वर पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि तशीच धावत आली. मैनाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

शालिकराम मात्र दूरच उभा राहिला. गाडी पाहून त्याला समजलं होतं. "दान नको दादा," तो म्हणाला.

"दान नोहे बापा. तुह्या वाट्याचंच हाय. म्याच इसरलो होतो."

शालिकराम गाडीपाशी आला. सवयीनं चिमूटभर कापूस ओढून तंतू पाहू लागला. त्याची बोटं फुटलेली होती. कापूस भेगांत अडकून राहिला. तो काढता काढता त्याचे डोळे भरले.

परतीच्या वाटेवर शकुन कापसावरच झोपून गेली. चंद्रभान गाडीतून उतरला आणि धक्के बसू नयेत म्हणून बैलांना चाकोरीतून हळूहळू नेत पायी चालू लागला. मैनाबाई शकुनच्या उशाशी बसली होती. त्या लांबच्या गावात बंद गिरणीसमोर बसलेली एखादी बाई तिच्या डोळ्यांपुढे येत होती. तिचं नाव काय असेल, ती काय नेसत असेल, काहीच ठाऊक नव्हतं. 'माय, तुलेबी कोनी न्याले येवो,' ती मनात म्हणाली.

संक्रांतीच्या आधी शालिकरामचा माग पुन्हा वाजू लागला. गावात चंद्रभानला कोणी हसलं, तर कोणी मुकाट्यानं आपल्याही घरचा वाटा कोष्ट्याकडे पोचवला. सगळ्यांनी काही तसं केलं नाही. वामनरावानं आपलं म्हणणं खरं केलं. चंद्रभानला पुढे दुसरी बाजारपेठ शोधावी लागली.

पहिलं लुगडं आपल्याच घरी येणार, असं चंद्रभान धरून चालला होता. पण शालिकराम ते काखोटीला मारून अकोल्याला चालत गेला. बांधावर तेलंगणातून आलेली एक बाई होती. तिची भाषा यांना कळत नव्हती, यांची तिला. शकुन उन्हात चक्कर येऊन पडली तेव्हा तिनं आपल्या वाटणीचं पाणी शकुनला पाजलं होतं. लुगडं त्या बाईचं होतं.

शकुननं हे भीत भीत सांगितलं. मैनाबाईनं तिचा हात धरून तिला ओसरीवर ओढलं.

"बस," ती म्हणाली. "कशी होती व ती बाई, सांग मले."