शिक्केबाईंचं मत

साहेबांचा हरकाम्या फळांची टोपली घेऊन दारात उभा राहिला, की समजायचं, मतदान तोंडावर आलं. एरवी हा माणूस समोरून आला तरी मोबाइलमध्ये तोंड खुपसून निघून जाणारा. पण निवडणूक लागली रे लागली, की याला जगभरच्या मावश्या, काक्या आणि वहिन्या आठवतात.

"वहिनी, मावशी कशा आहेत?" चपला काढता काढताच त्यानं विचारलं.

"आहेत तशाच," सून म्हणाली. टोपली तिनं घेतली आणि फ्रिजवर ठेवून दिली. नको म्हणायलाही अंगात थोडा जोर लागतो, आणि तो तिच्याकडे गेली पाच वर्षं नव्हता.

आतल्या खोलीत म्हातारी पडून होती. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. हरकाम्यानं दारातूनच हात जोडले, त्याच हातानं एक फोटो काढला आणि बाहेर आला.

"उद्या सरकारी माणसं घरी येऊन मत घेणार. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तशी सोय झालीय. आपल्या साहेबांनीच केलीय म्हणा ना," तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज खाली आला. "मावशींचं मत आपलंच, तो प्रश्नच नाही. फक्त शिक्का नीट पडला पाहिजे. तेवढं तुम्ही बघा."

"शिक्केबाईंना शिक्का शिकवतोस?"

हरकाम्या खो खो हसला. ती विनोद करत नव्हती, पण त्याला काय त्याचं?

आता हे साहेब म्हणजे पूलवाले साहेब. आणि पूल म्हणाल, तर तो नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. या उपनगराच्या मधोमध रेल्वेचं फाटक आहे. फाटकाच्या अलीकडे कंपनीच्या खोल्या. कंपनी बंद पडून जमाना झाला, खोल्या तेवढ्या राहिल्या. खोल्यांच्या मागं टेकडी, आणि टेकडीवर कुठून कुठून आलेली माणसं. एका नळावर चार भाषांत भांडण चालतं आणि तरी सगळ्यांना सगळं कळतं. फाटकाच्या पलीकडे बाजार, दवाखाना आणि आकाशाला टेकलेले नवे टॉवर. टॉवरवाल्यांना पूल हवा, कारण गाडी थांबवावी लागते. टेकडीला हवा, कारण कामं पलीकडे. खोल्यांना हवा, कारण दवाखाना पलीकडे. एरवी ही माणसं एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण पुलावर सगळ्यांचं एकमत. त्या एकमतावर एक माणूस पुन्हा पुन्हा निवडून येत राहिला. फाटकाशेजारी दोन खांब मात्र उभे राहिलेत. त्यांचा उपयोग निवडणुकीची पत्रकं चिकटवायला होतो.

पूलवाले पहिल्या खेपेला आपटले होते, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. आपटले ते टेकडीमुळं. टेकडीवरची माणसं तेव्हा नवी होती, आणि नव्या जागी कुणाशी वाकडं घ्यायचं नसतं, हे ती गावाकडून शिकून आलेली. सगळे उमेदवार दारात येऊन हात जोडून गेले. मग एकालाच मत देऊन बाकीच्यांना नाराज कसं करायचं? त्यांनी आपली सगळ्यांच्या नावापुढं एकेक शिक्का मारला. खुशाल! पेटीतून ढीगभर मतपत्रिका निघाल्या आणि सगळ्या बाद. पूलवाले जेवढ्या मतांनी पडले त्याहून बाद मतं जास्त होती.

तेव्हा या म्हातारीनं, अर्थात तेव्हा ती म्हातारी नव्हती, पदर खोचला. नवरा कंपनीत होता, पदरी एक मुलगी आणि एक मुलगा, आणि डोक्यात पूल. बटाटा कापून तिनं शिक्का बनवला, वहीच्या कागदावर चौकोन आखले आणि टेकडी चढून गेली. चार भाषांमधली पाच-पाच वाक्यं तिनं तोंडपाठ केली. एकच शिक्का. चौकोनाच्या आत. रेषेवर नाही. फुंकर मारा. आधी उभी घडी, मग आडवी, म्हणजे ओली शाई दुसऱ्याला लागत नाही. "मत म्हणजे पोटचं पोर," ती म्हणायची, "वाया जाऊ द्यायचं नसतं." पुढच्या वेळी पूलवाले निवडून आले, आणि तिचं नाव शिक्केबाई पडलं ते पडलंच. बाकी जगात मतदानाची यंत्रं आली, इथं मात्र अजून कागद आणि शिक्काच. टेकडीवर आज आजोबा झालेली माणसंही शिक्केबाई दिसल्या की फुंकर मारून दाखवतात.

पूल बांधून टाकला तर पुढच्या निवडणुकीत साहेबांनी मतं मागायची कशावर, हा प्रश्न सगळ्यांना पडला. शिक्केबाईंना नाही पडला.

मग पाच वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा गेला. म्हणजे सुनेचा नवरा. सहा फूट उंच आणि सगळ्यांचा छोटू. सकाळी दाढी करता करता छातीत कळ आली. अँब्युलन्स आली वेळेवर, नाही असं नाही. त्याला घेऊन निघाली आणि फाटकाशी येऊन थांबली. मालगाडी मागं-पुढं करत होती. डबे सरकायचे, थांबायचे, परत सरकायचे. सून त्याचा हात धरून बसली होती आणि खिडकीतून ते दोन खांब दिसत होते. खांबावर पूलवाल्यांचा हसरा फोटो होता. फाटक उघडलं तेव्हा दवाखान्यात जायची घाई उरली नव्हती.

त्याला महिनाही झाला नव्हता आणि मतदान आलं. शिक्केबाई इस्त्रीचं पातळ नेसल्या, टेकडी चढून आल्या, आणि खाली येऊन सुनेला म्हणाल्या, "चल. मत वाया घालवायचं नसतं."

आणि सून गेली! पाय चालले म्हणून गेली. शिक्का कुठं मारायचा हे या घरात कुणी विचारत नसे. तिनं तो नेहमीच्याच ठिकाणी मारला, फुंकर घातली, उभी घडी, आडवी घडी. घरी येऊन हात धुताना तिच्या लक्षात आलं की आपण काय करून आलो. त्या दिवसापासून आत जे बधिर झालं ते झालं. रडू आलं नाही, रागही आला नाही. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं तिचं काम, चाकावर काच धरायची, कड गुळगुळीत होईपर्यंत फिरवायची. ते ती आधीपेक्षा चांगलं करू लागली. मालक खूश होता.

म्हातारीनं मुलाचं नाव पुन्हा काढलं नाही. भिंतीवर त्याचा फोटो लागला, त्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही. आणि सुनेनं तिला हाक मारणं सोडलं. पूर्वी उठता-बसता "आई, आई" चालायचं. आता, "जेवण आणलंय." "कूस बदलायची का?" "औषध." बिनहाकेचंही घर चालतं, चांगलं चालतं. गेल्या साली झटका आल्यावर तिनं म्हातारीचं हगणंमुतणं काढलं, पाठीला पावडर लावली, एकही जखम होऊ दिली नाही. काचेची कड घासावी तसं सगळं नीट केलं.

पण एक गोष्ट तिनं ठरवून ठेवली होती. नणंदेशी फोनवर बोलणंही झालं होतं. "ताई, आता तुम्ही न्या त्यांना. मला नाही जमत." नणंद कुरकुरली, पण मतदानानंतरच्या रविवारी गाडी घेऊन यायला तयार झाली. म्हातारीची बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. तरी सुनेनं स्वतःशी एक वाट उघडी ठेवलेली. शेवटचं बघायचं. ज्याच्या खांबाखाली लेक गेला त्यालाच ही आई आजही मत देते का, तेवढं एकदा डोळ्यांनी बघायचं. दिलं, तर बॅग उचलायची आणि मागं वळून बघायचं नाही.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई आल्या, बरोबर पेटी घेतलेला कारकून आणि जांभया देणारा पोलीस. पलंगावर जेवणाचं छोटं टेबल ठेवलं, त्यावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. हरकाम्या दाराबाहेर जिन्यात घुटमळत होता, त्याला पोलिसानं तिथंच थोपवलं.

"आजींना शिक्का मारता येईल का? नाहीतर त्या खूण करतील तिथं तुम्ही मारायचा," बाई म्हणाल्या.

नाही येणार, असं सून म्हणणारच होती. तेवढ्यात म्हातारीचा डावा हात वर आला आणि बाईंच्या हातातला शिक्का तिनं काढूनच घेतला.

"अरे वा, आजी तयारीच्या आहेत! मग तुम्ही फक्त कागद धरा. आणि इथं सही करा, आत जे दिसेल ते कुणाला सांगणार नाही म्हणून."

सुनेनं सही केली आणि आडोशामागं कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. पाच नावं. पूलवाले तिसरे. म्हातारीचा हात शाईवर टेकला, कागदावर आला, वरच्या नावांवरून खाली सरकला आणि तिसऱ्या चौकोनात बरोबर मधोमध उमटला.

झालं. सुनेला वाईटही वाटलं नाही. बॅगेत टॉवेल टाकायचा राहिलाय, एवढंच तिच्या मनात आलं.

तिनं कागद उचलायला घेतला, तर म्हातारीनं तो कोपरानं दाबला. शिक्का पुन्हा शाईत टेकवला आणि पहिल्या नावापुढं मारला.

बाई गं! हिला काही कळेना झालंय, असं वाटून सुनेनं तिचं मनगट धरलं. म्हातारीनं हात हिसडला. एवढा जोर त्या हातात असेल असं वाटलं नव्हतं. मग तिनं सुनेकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते, काही कळत नसलेल्या माणसाचे ते डोळे नव्हते. सुनेनं मनगट सोडलं.

दुसरं नाव. चौथं. पाचवं. प्रत्येक शिक्का चौकोनाच्या आत, एकही रेषेवर नाही. पाचवा मारून झाल्यावर म्हातारीनं मान वळवली आणि भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. बराच वेळ पाहिलं. वाकड्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि डोळ्यांतून पाणी, पण तिनं ते पुसलं नाही.

मग तिनं फुंकर मारायचा प्रयत्न केला. वारा एका बाजूनं निसटून गेला. तिनं कागद सुनेच्या तोंडासमोर सरकवला. सुनेनं फुंकर मारली. पाचही शिक्क्यांवर, एकामागून एक, शाई सुकेपर्यंत. म्हातारीनं एका हातानं घडी घातली. आधी उभी, मग आडवी.

"छान," अधिकारी बाई म्हणाल्या, आणि शिक्केबाईंचं मत पेटीत पडलं.

जिन्यातून हरकाम्या पुढं आला. "झालं ना, वहिनी? नीट पडला ना शिक्का?"

"अगदी नीट," सून म्हणाली. "रेषेला लागला नाही."

"मावशी म्हणजे मावशी!" त्यानं लगेच साहेबांना फोन लावला. सुनेनं आत जाऊन फ्रिजवरची टोपली आणली आणि त्याच्या हातात दिली. "ही घेऊन जा."

"अहो, मावशींसाठी आणलीय—"

"नको म्हटलं ना!" आवाज एवढा चढला की पेटी उतरवणारा कारकून जिन्यात थबकला. हरकाम्या टोपली छातीशी धरून मुकाट्यानं खाली गेला.

ती आत आली. म्हातारीच्या अंगठ्याला शाई लागली होती. तिनं ओल्या फडक्यानं ती पुसली. पुसता पुसता तिला रडू फुटलं. मोठ्यानं, हुंदके देऊन, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं. म्हातारीचा डावा हात तिच्या डोक्यावर येऊन पडला आणि तिथंच राहिला.

संध्याकाळी तिनं नणंदेला फोन केला.

"ताई, रविवारी येऊ नका. म्हणजे या, भेटायला या. पण न्यायला नको."

"अगं, तूच म्हणालीस ना, जमत नाही म्हणून? मी खोली रिकामी करून ठेवली. असं एकदम काय झालं?"

सांगणार नाही म्हणून सही केलेली होती.

"काही नाही, ताई," ती म्हणाली. "आईंनी मत दिलं."