हिरवा चौकोन

भूपेशनं पिवळ्या फडक्यातून कॅमेरा बाहेर काढला, काउंटरच्या काचेवर अलगद ठेवला आणि सुमतीकडे न बघताच म्हणाला,

"काकू, यात काही दोष नाही."

"म्हणजे दुरुस्त झाला?"

"दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच."

दुकानाच्या मागच्या भिंतीवर त्यानं वर्तमानपत्राचं एक पान चिकटवलं होतं. त्याचे काढलेले फोटो त्यानं कॉम्प्युटरवर मोठे करून दाखवले. छोट्या जाहिरातींमधलं बारीकातलं बारीक अक्षरही स्वच्छ वाचता येत होतं.

"लेन्स सरांचीच लावली होती. फोकसही त्यांच्यासारखाच हातानं केला. तीनदा करून बघितलं."

भिंतीपलीकडच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटानं काउंटरची काच बारीक थरथरत होती. सुमतीनं कॅमेऱ्यावर हात ठेवला. बारा वर्षं हा कॅमेरा त्यांच्या घरात होता. तिचे यजमान श्रीनाथ शाळेत चित्रकला शिकवायचे; निवृत्त झाले तरी ब्रश आणि कॅमेरा सुटला नव्हता. फोकस कॅमेऱ्यावर सोडणं त्यांना कधी पटलं नाही. 'कुठं बघायचं ते मी ठरवणार, यंत्र कोण सांगणारं?' असं ते म्हणायचे. आणि डिसेंबरात त्यांच्याच नातीच्या, ईराच्या बारशाचे दोनशे फोटो धुरकट आले होते. एकाही फोटोत बाळाचा चेहरा धड दिसत नव्हता. लेन्स बिघडली, म्हणून श्रीनाथनी कॅमेरा पिशवीत घालून ठेवला तो ठेवलाच. शेवटी सुमतीच तो भूपेशकडे घेऊन आली होती.

"काकू," भूपेश आवाज खाली आणून म्हणाला, "मी सरांच्या हाताखाली शिकलो. मी त्यांना कसं सांगू?"

गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या गोष्टी एकेक करून तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सकाळचा पेपर ते हल्ली तिला मोठ्यानं वाचायला सांगत. "तुझ्या आवाजात बातमी बरी वाटते," असं म्हणत. परवा कपाच्या कडेवरून चहा बशीत गेला, तेव्हा त्यांनी कपालाच दोष दिला होता. दिवाळीपासून त्यांनी एकही चित्र पुरं केलं नव्हतं.

भूपेशनं कपाटातून दुसरा कॅमेरा काढला. लहानसा, हलका.

"अदितीताईंचा पुण्याहून फोन आला होता. बाबांना नवीन मिररलेस घेऊन द्या म्हणाल्या. हा बघा. जुन्यात आत आरसा असतो, भिंगातून येतं ते जसंच्या तसं दिसतं. यात आरसा नाही, आत एक छोटासा पडदा आहे. आणि..." त्यानं कॅमेरा तिच्याकडे रोखला आणि मागचा पडदा तिच्या बाजूला वळवला. पडद्यावर तिचा चेहरा होता आणि डाव्या डोळ्यावर एक हिरवा चौकोन. तिनं मान हलवली, तर तो चौकोनही डोळ्याबरोबर हलला.

"डोळा हा आपला आपण शोधतो. सरांनी नुसतं बटण दाबायचं. एक फोटो फसायचा नाही. कोणाला काही कळायचंही नाही."

शेवटचं वाक्य त्यानं धीर देण्यासाठी म्हटलं होतं. सुमतीच्या मनात मात्र तेच वाक्य रुतून बसलं. कोणाला काही कळायचं नाही. अदितीला नाही, पाहुण्यांना नाही, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना तर नाहीच नाही. ती हिरव्या चौकोनाकडे बघत राहिली. हा घेतला तर नवऱ्याचा मान राहील. आणि जुना परत नेला, तर पुढचा पहिला फोटोच त्यांना उघडं पाडील.

"दोन्ही घेऊन जाऊ का?" तिनं विचारलं. "एक परत करते."

"न्या की. घाई नाही."

रविवारी सकाळी तिनं दोन्ही कॅमेरे जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. त्या दिवशी त्यांना दिघाशी गावाला जायचं होतं. शाळेत पंचवीस वर्षं शिपाई असलेल्या अनंताचं तिथं घर होतं, आणि त्याच्या आईला, ठमाबाईला, सरांच्या हातचा फोटो हवा होता.

"भूपेशनं दोन्ही दिलेत," ती म्हणाली. "जुना दुरुस्त झालाय म्हणे. आणि हा अदितीनं सांगितलेला नवा. तुम्हाला हवा तो घ्या."

दुरुस्त झालाय हे म्हणताना तिनं पोळीला तूप लावायचं थांबवलं नाही. श्रीनाथनी जुना कॅमेरा उचलला. अंगठा सवयीनं जिथं टेकायचा तिथं टेकला. लेन्सची कडी त्यांनी एकदा फिरवून पाहिली, डोळ्याला लावण्यासाठी कॅमेरा अर्धा वर नेला आणि तसाच खाली ठेवला.

"नवा बघू," ते म्हणाले. "अदितीनं एवढं सांगितलंय तर."

जो माणूस शाळेनं दिलेलं नवं घड्याळसुद्धा चार महिने डब्यात ठेवतो, तो एका वाक्यात नव्याला तयार झाला. सुमतीनं पोळी त्यांच्या पानात वाढली. दोष कशात आहे ते त्यांना कळलेलं आहे, एवढं तिला त्या क्षणी कळलं.

दिघाशीत अनंताच्या अंगणात ठमाबाई आधीच खुर्चीवर बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, आणि मांडीवर दोन्ही हात असे ठेवलेले की जणू कोणी उचलून नेईल.

"ये गो बाय," ती सुमतीला म्हणाली. "मास्तर, माजा चांगला फोटू काडा हां. मी गेल्यावं ही पोरं आधार कारडावरचा फोटू मोटा करून भितीला लावतील. त्यात मी चोरावानी दिसतंय."

"आये, काय बोलतंस!" अनंता ओशाळून म्हणाला.

"खरा ताच बोलतंय."

सगळे हसले. श्रीनाथही हसले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. सुमती त्यांच्या बाजूलाच उभी होती. एरवी ते फोटो काढताना किती बोलायचे. मान जरा इकडे करा, उजेड गालावर येऊ द्या, मघाशी हसलात तसं. आज ते गप्प होते. त्यांनी एकदा बटण दाबलं. मग पुन्हा. आवाज काहीच आला नाही.

"काडला का न्हाय?" ठमाबाईनं विचारलं.

"काढला, आजी."

"आवाज न्हाय झाला तो?"

अनंतानं पडदा बघितला आणि आईला दाखवायला धावला. फोटो फार सुरेख आला होता. सुरकुती न सुरकुती दिसत होती, दोन्ही डोळे पाणीदार, ओठांच्या कोपऱ्यात हसू नुकतं सुरू झालेलं. ठमाबाईनं पडद्यावरच्या स्वतःला बराच वेळ न्याहाळलं. "बेस हाय," ती म्हणाली. "आता मी कवापन जायाला मोकली."

अनंतानं त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. सरांचा हात अजून तसाच आहे, असं तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा तो तसं म्हणाला तेव्हा श्रीनाथनी कप खाली ठेवला. खाली ठेवायच्या आधी त्यांनी बोटांनी बशीची कड चाचपली.

अनंतानं त्यांना मोटारसायकलवरून एकेक करून अंबाडी नाक्यावर आणून सोडलं. दुपार टळली होती. वाडा गावाकडून येणाऱ्या गाड्या नाक्यावर थांबत होत्या. भाजीवाल्या, कंडक्टर, रिक्षावाले यांचा गलका चालू होता. एक एसटी आली, माणसं चढली, ती गेली. दुसरी आली. एरवी बोर्ड दुरूनच वाचून "ही आपली नव्हे" म्हणायचं काम श्रीनाथचं असे, आणि गेल्या काही आठवड्यांत ते काम सुमतीनं कधी अंगावर घेतलं, तिलाही आठवत नव्हतं. आज ती मुद्दाम गप्प बसली.

तिसरी गाडी आली. श्रीनाथ तिच्याकडे बघत राहिले.

"सुमती," ते म्हणाले, "कुठली गं ही?"

"भिवंडी. आपलीच."

पण दोघांपैकी कोणीही उठलं नाही. गाडी निघून गेली.

"ठमाबाईचं तोंड मला दिसलं नाही," श्रीनाथ रस्त्याकडे बघत म्हणाले. "लुगडं दिसलं. हात दिसले. तोंडाच्या जागी नुसता धूर, आणि त्या धुरात हिरवा चौकोन. मी त्या चौकोनाचा फोटो काढला."

तिनं त्यांच्या हातातली कॅमेऱ्याची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. उजव्यात जास्त. डाव्यातही सुरू झालंय." ते थांबले. "जुना कॅमेरा बिघडला नव्हता."

"ठाऊक आहे."

"भूपेश बोलला?"

"हो."

"मग दुरुस्त झाला म्हणालीस ते?"

"तुम्ही बिघडला म्हणालात," ती म्हणाली, "म्हणून मी दुरुस्त झाला म्हणाले."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं, पण ते पुरतं आलं नाही. ईराच्या बारशाचं ते मग पहिल्यांदा बोलले. पाळण्यात वाकून बघितलं तेव्हाही तिचा चेहरा दिसला नव्हता. कॅमेऱ्यातून दिसेल असं वाटलं होतं, म्हणून दोनशे फोटो काढले. आजोबांना आपलं तोंडच माहीत नाही, असं त्या पोरीला पुढं कोणी सांगू नये.

चौथी गाडी आली तेव्हा सुमतीनं त्यांच्या दंडाला धरलं. आजवर चारचौघांत तिनं त्यांना असं धरलं नव्हतं. त्यांनीही हात सोडवून घेतला नाही.

मंगळवारी ती दोघं ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. मानकोलीला कंटेनरांच्या रांगेत रिक्षा पाऊण तास अडकली आणि त्या पाऊण तासात श्रीनाथ एकदाही "परत जाऊ" म्हणाले नाहीत. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या. डोळ्याच्या पडद्यामागं पाणी साचलंय, इंजेक्शनं घ्यावी लागतील, महिन्याला एक. गेलंय ते सगळं परत येईल असं सांगत नाही, पण उरलंय ते धरून ठेवू. आणखी दोन-तीन महिने काढले असते तर तेही सांगता आलं नसतं.

अदितीला कळलं तेव्हा ती फोनवर रडली, मग रागावली, मग शनिवारी ईराला घेऊन हजर झाली. श्रीनाथनी नातीला खिडकीच्या उजेडात नेलं आणि आपला चेहरा एका बाजूला वळवून ते डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला बघायची खटपट करत राहिले. बाळानं त्यांचा चष्मा ओढला.

दुसरं इंजेक्शन झाल्यावर, फाल्गुनातल्या एका सकाळी, ते स्वतःच, जुना कॅमेरा गळ्यात अडकवून, नवा परत करायला निघाले. सुमती बरोबर होती.

"परत घे रे भूपेश. चांगला आहे. पण यात मी काही करतच नाही."

भूपेशनं कॅमेरा हातात घेतला, पण कपाटात ठेवला नाही. तो जरा वेळ विचारात पडला. मग त्यानं सरांची जुनी लेन्स मागून घेतली, मध्ये एक पितळी कडं बसवून ती नव्या कॅमेऱ्याला जोडली आणि मेनूत जाऊन बरंच काहीबाही बंद केलं.

"चौकोन काढून टाकलाय, सर. आता हा स्वतःहून काही शोधणार नाही. फोकस तुम्ही करायचा. फक्त हे बटण दाबलं की आतलं चित्र मोठं होतं. आणखी दाबलं की आणखी मोठं. खरा आरसा तेवढं करू शकत नाही."

श्रीनाथनी सवयीनं उजवा डोळा लावला, मग काढला. डाव्या डोळ्यानं बघायची त्यांना सवय नव्हती. नाक मागच्या पडद्याला घासत होतं, कोपर कुठं ठेवावं कळत नव्हतं. समोर काउंटरशी सुमती उभी होती. तिनं पदर सारखा केला.

त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग त्यांची बोटं लेन्सच्या कडीवर गेली आणि कडी फार हळू फिरू लागली. एवढीशी पुढं, एवढीशी मागं, परत पुढं. भूपेश कागद चाळण्याचं निमित्त करून मागच्या खोलीत गेला. सुमतीला कसंनुसं झालं. इतका वेळ तिच्याकडे कोणी बघितल्याला पुष्कळ वर्षं झाली होती.

"काढा ना," ती म्हणाली.

"थांब." कडी फिरायची थांबली होती. "सुमती, तुझ्या पापणीचा एक केस पांढरा झालाय."

"कुठला?"

"डावीकडचा. अगदी कडेचा. एकच."

तिनं डोळ्यापाशी हात नेला, पण तिच्या बोटाला काही कळेना.

"मला कुठं दिसतोय तो," ती म्हणाली.

"हात खाली घे," श्रीनाथ म्हणाले. "दिसू दे."