सव्वाकिलोला सगळं सांगतात

"सिस्टर, तुमच्या हातून कधी बाळ पडलंय का?"

हा प्रश्न माझा नव्हता. आमच्या चौकडीतल्या वकिलाने तो शोधून काढला होता. तिला आम्ही वकील म्हणतो, कारण फळा कुणी पुसायचा यावरूनही ती बाजू मांडते. विचारून दाखव, नाहीतर महिनाभर माझं दप्तर उचल, अशी तिची पैज होती. उरलेल्या दोघी तिच्या मागे जिन्याच्या कठड्याला टेकून, तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. मागच्या वर्षीपर्यंत मी असलं काही विचारलंच नसतं. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणतानाही लाल व्हायचे. पण यंदा शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करणारी मुलगी ऐन वेळी आजारी पडली, बाईंनी माझ्या हातात माईक कोंबला, आणि तेव्हापासून तो काही सुटलेला नाही असं बाबा सगळ्यांना सांगत फिरतात.

सिस्टर हॉस्पिटलातल्या पेटीच्या खोलीच्या दारात, धुतलेल्या दुपट्यांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता खरडपट्टी. त्यांनी थोडा विचार केला.

"पडलं नाही," त्या म्हणाल्या. "गेली आहेत. याच हातांत. अजून काही विचारायचंय, की नखं कापून येतेस?"

कठड्यापाशी दोघींचे हात तोंडावरून खाली आले. पैज मी जिंकले होते, पण ते बोलून दाखवायला कुणी तयार नव्हतं.

आता नखांचं. माझी सख्खी मोठी ताई, पाळणा अजून दुकानातच असताना बाळंत झाली. बाळ दोन महिने घाई करून आलं. वजन सव्वा किलो, म्हणून आम्ही तिला सव्वाकिलोच म्हणायला लागलो. खरं नाव भाऊजी आल्यावर ठेवायचं होतं, आणि भाऊजी बोटीवर होते. बोट अशा कुठल्या समुद्रात होती की फोन लागला तरी 'हॅलो, हॅलो'पलीकडे गाडी जायची नाही. ताईचे टाके चिघळले, ताप चढला, त्यामुळे ती खालच्या मजल्यावर आणि तिची मुलगी वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. दारावर 'नवजात अतिदक्षता विभाग' अशी लांबलचक पाटी आहे, पण सगळे पेटीची खोलीच म्हणतात.

इतक्या लवकर आलेल्या बाळांना पेटीबरोबर माणसाची ऊबही लागते. कुणाच्या तरी उघड्या छातीवर बेडकासारखं पालथं ठेवायचं, वरून कापडाने बांधायचं आणि बसून राहायचं, कांगारूसारखं. खरं तर हे आईचं काम, पण ताई तापात. आमच्या आईला खोकला, त्यामुळे तिला दाराच्या आतही घेत नव्हते. नर्सेससमोर शर्ट काढायचा म्हटल्यावर बाबांना अचानक एक तातडीचं काम आठवलं. राहिले मी. आणि मला घरी भिंगरी म्हणतात. मी जेवतानासुद्धा ताट घेऊन घरभर फिरते. आई सिस्टरांना म्हणाली, हिला पाच मिनिटं एका जागी बसवून दाखवा, मी तुमचे पाय धरीन. सिस्टर म्हणाल्या, पाय राहू देत, आधी खोकला बरा करा.

त्यांनी माझं वय विचारलं, सर्दी-ताप विचारला, हातांवर पुरळ आहे का ते पाहिलं. नखं मी दोन महिने जपून वाढवली होती, त्यांवर बारीक चांदण्या काढल्या होत्या. कापली. हात कोपरापर्यंत धुतले, अंगठी-घड्याळ काढलं, केस टोपीत कोंबले.

"या मावशी," सिस्टर म्हणाल्या.

कोण मावशी आल्या म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त भिंत होती.

सिस्टरांची एक पद्धत आहे. पेटीच्या गोल खिडकीतून त्या हात आत घालतात, पण बाळाला लगेच उचलत नाहीत. आधी तळहात त्याच्या डोक्यावर ठेवतात, नुसता. मग सांगतात. "आता तुला उचलणार आहे. जरा गार वाटेल. मग मावशीकडे जायचंय." मगच उचलतात. टाचेतून रक्त काढायचं असलं तरी तेच: "टोचणार आहे. दुखेल." तिथल्या सगळ्या नर्सेस असंच करतात आणि नवीन आलेलीला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मला हसू आलं. मी विचारलं, तिला काय कळतंय? त्या म्हणाल्या, शब्द नसतील कळत, पण आधी हात ठेवला की ती दचकत नाही. आणि 'काही नाही दुखणार' म्हटलं की माझाच हात घाई करतो, असं मी पाहिलंय.

सव्वाकिलो माझ्या छातीवर आली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी नुकताच इस्त्री केलेला मोजा ठेवलाय. नाकात नळी, पायाला वायर, डोक्यावर माझ्या मुठीत मावेल एवढी टोपी. मी बसले. पाय म्हणाले उठ, मान म्हणाली वळ, नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. समोरच्या भिंतीवरच्या चुन्यात एक उंट दिसत होता, मग तो इस्त्रीसारखा दिसायला लागला, मग कशासारखाच दिसेना. शेजारच्या पेटीपाशी एक आई डुलक्या घेत होती, तिचा मला हेवा वाटला. इतक्यात माझ्या लक्षात आलं की माझ्या छातीवरची ती बारीक धडपड थांबलीय. मला वाटलं, झोपली वाटतं. आणि मॉनिटर किंचाळायला लागला.

सिस्टर पळत आल्या नाहीत. आल्या, हात ठेवला, दोन बोटांनी पाठ चोळली. "अगं, श्वास घे. विसरलीस." ओठ निळसर झाले होते. मग ती आळस दिल्यासारखी हलली आणि धडपड पुन्हा सुरू झाली. श्वास विसरलेली आता मी होते.

त्यांनी मला समजावलं की एवढ्या लवकर आलेली बाळं अशी विसरतात, आपण आठवण करायची, वाढली की विसरायची थांबतात. मी विचारलं, आठवण करूनही नाही घेतला तर? तर मशीन देतं, म्हणाल्या. आणि कधीकधी मशीनचंही ऐकत नाहीत. हे त्या दुपटं सारखं करता करता म्हणाल्या, माझ्याकडे बघून. मला राग आला. मग नवल वाटलं की राग फार वेळ टिकला नाही.

बाहेर येऊन मी आईबाबांना सगळं सांगितलं. आईचा चेहरा उतरला, मग तिने तो पदराने पुसून काढला आणि हुकूम सोडला की ताईला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. तिचा ताप वाढेल. हसत जायचं, छान आहे म्हणायचं. बाबा म्हणाले, आईचं बरोबर आहे. बाबा हे वाक्य दिवसातून इतक्यांदा म्हणतात की त्यांना त्याचा त्रासही होत नाही.

मी हसत गेले. ताई उशीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. तिने सव्वाकिलोला जन्मल्यावर डोळ्यांसमोरून नेताना पाहिलं होतं तेवढंच. आत फोन न्यायची परवानगी नव्हती, त्यामुळे पहिल्या दिवशी एका नर्सने काढून दिलेला एकच फोटो आम्ही तिघं आळीपाळीने तिला दाखवत होतो. कशी आहे, तिने विचारलं. आणि माझ्या हातात तो माईक आला. मी म्हणाले, अगं मस्त, दिवसभर झोपते, हातपाय काय झाडते, आणि अशी गुटगुटीत झालीय.

ताईने माझ्याकडे नीट पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. मला वाटलं, माझं निवेदन छान झालं.

पुढचे दिवस मी शाळा सुटली की थेट वर. खाली ताई पंपाने दूध काढायची, ते छोट्या बाटलीतून वर यायचं आणि सिस्टर ते नळीतून सव्वाकिलोच्या पोटात थेंब थेंब सोडायच्या. हळूहळू माझे पाय थोडे शहाणे झाले. सव्वाकिलो विसरायची, आम्ही आठवण करायचो. एकदा सिस्टरांचा हात पोचायच्या आधी मीच दोन बोटांनी पाठ चोळली आणि तिने श्वास घेतला. त्या नुसतं "हं" म्हणाल्या. मी ते 'हं' तिन्ही मैत्रिणींना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी करून दाखवलं.

आज बाटली आली नाही.

सिस्टरांनी मला विचारलं, कालही निम्मीच होती, खाली काय चाललंय? मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं की दुसऱ्या आयांनी दिलेलं साठ्यातलं दूध संध्याकाळपर्यंत पुरेल. त्यानंतर पावडरचं द्यावं लागेल आणि ते या पोटांना पटकन सोसत नाही, पोट फुगतं, कधी त्याहून वाईट होतं. जाऊन बघ. मग सव्वाकिलोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, मावशी खाली जातेय, तुला पेटीत ठेवते.

मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले. पंप ताईच्या टेबलावर धुऊन, पुसून, कोरडा ठेवलेला होता, परत द्यायच्या भांड्यासारखा. दूध का नाही पाठवलंस, मी धापा टाकत विचारलं.

"कुणासाठी काढू?" ताई म्हणाली.

मला कळेना.

"आई हसत येते, बाबा हसत येतात, तू हसत येतेस. फोटो तोच. म्हणे सव्वा किलोचं बाळ आठवड्यात गुटगुटीत झालं." ती रडत नव्हती, वर्तमानपत्र वाचल्यासारखं बोलत होती. "कधी गेली, तेवढं सांगा."

"आहे गं," मी म्हणाले. "आहे ती."

"बघ, रडतेयस."

मी खरंच रडत होते. आणि मला दिसलं की आता मी काहीही खरं सांगितलं तरी ते त्या गुटगुटीतसारखंच ऐकू जाणार. मी आलेच म्हणाले आणि पळाले. ताईला तसं सोडून पळायला नको होतं, पण पाय आधीच निघाले होते.

वर सिस्टरांना एका दमात सगळं सांगितलं आणि विचारलं, ताईला इथे आणता येईल का. त्यांनी खाली फोन लावला, मग मला सांगितलं. ताईचा ताप कालपासून उतरलाय, तोंडाला मास्क लावून, चाकाच्या खुर्चीतून, थोडा वेळ, तिच्या डॉक्टरांची हरकत नाही. मी उडीच मारणार होते. सिस्टर म्हणाल्या, पण आधी सांगून आण. नळ्या, वायरी, श्वास विसरणं, सगळं. दारात आल्यावर कळायला नको. मी विचारलं, पण तिला सांगायचं कुणी? त्या म्हणाल्या, ते मला नाही ठरवता येणार, मावशी.

आईबाबा कॅन्टीनमध्ये होते. आईच्या पुढचा चहा गार झाला होता, बाबा कपाच्या कडेवरून बोट फिरवत होते. मी खुर्ची ओढली पण बसले नाही, उभ्यानेच सांगितलं: दूध, पंप, 'कधी गेली'. आईने डोळे मिटले. मग म्हणाली, संध्याकाळी बघू. डॉक्टरांना विचारू. मी म्हणाले, विचारलंय. आई म्हणाली, जावयांचा फोन लागू दे. मी म्हणाले, संध्याकाळी दूध संपतंय, आई. बाबा म्हणाले, आईचं... आणि थांबले. मी त्यांना मध्येच थांबलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मग आई खोकली, आणि खोकला संपल्यावर हळूच म्हणाली, "तिने मांडीवर घेतलं, जीव लावला, आणि उद्या काही झालं तर?"

आईच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं. ठेवला. तिचा खांदा गरम होता, आणि इतका लहान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"आई, वर सव्वाकिलोला सुई टोचायच्या आधीसुद्धा सांगतात," मी म्हणाले. "ताई तर तिची आई आहे."

बाबांनी कप बाजूला सरकवला.

"मी आत्ता खाली जातेय," मी म्हणाले. "ताईला सगळं सांगणार, निळे ओठसुद्धा. मी खोटं बोलले तेही सांगणार. मग खुर्चीत बसवून तिला वर नेणार. तुम्हाला विचारत नाहीये मी. सांगतेय."