नवसाचा हात

चुनीलालचा गोऱ्हा भलताच हट्टी निघाला. चौघांनी धरला तरी आवरेना. शिंगाला दोर, मानेला मिठी, शेपटाला एक जण, आणि तरी हा आपला चौघांना खळ्यात फिरवतोय.

“धर ना मान त्यानी! चुन्या, तुले घरमा जेवाले भेटस का नही?” नवनीत खेकसला. मग त्यानं डाव्या हाताची दोन बोटं गोऱ्ह्याच्या नाकात घातली, उजव्या हातानं दाभण आरपार काढलं आणि मागोमाग वेसणीची दोरी ओढून घेतली. गोऱ्हा हंबरला. उभ्या अंगानं थरथरला. डोळ्यांतून पाण्याची धारच लागली.

“व्हयनं! मुंगी चावनी तितलंच,” नवनीत हात झटकत म्हणाला. “उगाच नखरा.”

म्हसावदच्या आजूबाजूला चार गावांत वेसण घालायची म्हटलं की नवनीतलाच बोलावणं. ट्रॅक्टर आल्यापासून बैल उरलेत किती, पण जे उरलेत त्यांची नाकं यानंच टोचलेली. आणि दर वेळी हेच: मुंगी चावनी.

चुनीलालनं तंबाखू मळत डोळा मारला. “मुंगी कशी चावस ते तुले परवादिन समजी. यात्रामा. नवस शे ना तुन्हा?”

बाकीचे तिघं फिदीफिदी हसले. नवनीतही हसला, पण जरा उशिरानं.

नवसाची गोष्ट अशी. भाद्रपदात पपईच्या वावरात निंदताना नवनीतच्या बायकोला, रुपाला, साप चावला. नंदुरबारच्या दवाखान्यात पाच दिवस ती नळ्या लावून पडली होती. तिसऱ्या दिवशी नवनीत खाटेजवळ उभा होता. सलाईनच्या पट्टीच्या वर, तिच्या डाव्या हातावर, हिरव्या अक्षरांत त्याचंच नाव होतं. लग्नाच्या सालचं गोंदण. सतरा वर्षं रोज ताटात भाकरी वाढणारा हात, पण ते नाव त्यानं धड वाचलं असं त्या दिवशीच. गडी एकदम गहिवरला, हात जोडून मोठ्यानं बोलून गेला, “दत्त महाराज, इले उठू दे! इन्हं नाव मन्हा हातवर गोंदसू, अन् तोच हात जोडीसन सारंगखेडाले तुन्हा पाय पडसू!” मागं त्याची माय भिकुबाई उभी होती, चुनीलाल उभा होता. दोघांनी ऐकलं, मग काय, अख्ख्या गावानं ऐकलं.

रुपा उठली. आणि उठल्यावर तिला हे कळलं.

आता बघा, यात्रेत गडीमाणसं गोंदतात. देवाचं नाव, मायचं नाव, कुणी तर स्वतःचंच, हरवायची भीती असल्यासारखं. पण बायकोचं नाव? गावात आजवर एकाही बाप्यानं गोंदलं नव्हतं. पारावर नवनीतची टिंगल चालायची. पण रुपाचं वेगळंच झालं. मुळात कमी बोलणारी बाई. कापूस वेचताना कुणी विचारलं, “काय वं रुपा, खरं शे का?” की ती कंबर सरळ करून उभी राहायची आणि म्हणायची, “हा, खरं शे.” एवढंच. खांडबाऱ्याला थोरल्या भावाला, दोधूला, तिनं आपणहून फोन लावला. “भाऊ, यात्राले येजो. त्या मन्हं नाव गोंदी ऱ्हायनात.” नवनीतनं दाराआडून ऐकलं. लग्न झाल्यापासून आपल्या नवऱ्याचं कौतुक सांगायला तिनं माहेरी केलेला तो पहिला फोन. आता मागं फिरायचं तर कुठल्या तोंडानं?

कारण खरी गोष्ट अशी, की या नाकं टोचणाऱ्या गड्याला स्वतःला सुईची जाम भीती. शाळेत टोचायला आले की हा संडासात. मागं गावात लस द्यायला बाया आल्या तेव्हा हा तीन दिवस उसाला पाणी भरत होता, रुपा डबा घेऊन जात होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मग त्यानं युक्ती केली. म्हसावदला जाऊन मेडिकलमध्ये हळूच विचारलं, “अंग बधिर करानं मलम शे का? बैलले लावणं शे.”

दुकानदारानं त्याच्याकडं वरून खाली पाहिलं आणि एक नळी समोर ठेवली. “बैलाला तासभर आधी लावा म्हणावं. वरून प्लास्टिक गुंडाळा.”

यात्रेच्या दिवशी पहाटेच आंघोळ करून नवनीतनं गोठ्यात बसून अर्धी नळी डाव्या हाताला चोपडली. रुपाचं गोंदण डाव्या हातावर, म्हणून यानंही डावाच धरला. वर पिशवीचं प्लास्टिक, त्यावर पूर्ण बाहीचा शर्ट. मोटरसायकलवर मागं रुपा, नवी अंजिरी साडी नेसून. सारंगखेडा येईस्तोवर हात असा सुन्न झाला की क्लच दाबलाय की नाही ते कळेना. गडी मनात खूश.

यात्रेत धुळीचा नुसता लोट. घोड्यांच्या रांगा, पाळणे, भज्यांचा वास. धनुबाई गोंदणारीण ताडपत्री टाकून बसली होती, जवळ बॅटरी आणि घरघरणारं मशीन. भिकुबाई आणि चुनीलाल जीपनं आधीच येऊन बसलेले. दोधू पांढरा सदरा घालून आला होता. त्यानं नवनीतला रामराम केला आणि म्हणाला, “पाव्हना, मानलं तुमले.” रुपा भावाकडं बघून हसली.

नवनीत ऐटीत मांडी घालून बसला. बाहीत बोटं घालून प्लास्टिक हळूच वर सरकवलं आणि डावा हात पुढं केला.

“अरे, डावा कसाले काढस?” भिकुबाई कडाडली. “नवसना हात शे! ज्या हातघाई जेवस, ज्या हातघाई देवले फूल वाहस, तो काढ!”

नवनीतच्या तोंडचं पाणीच पळालं. “माय, उजवा हात कामना शे ना.”

“मंग देवले काय बिनकामना हात देवाना?”

“बरोबर शे आत्यानं,” दोधू भिकुबाईची बाजू घेत म्हणाला. “उजवाच द्या, पाव्हना.”

धनुबाईनंही मान हलवली. “डाव्या हातवर नवस फेडेल मी तरी देखा नही, दादा.” आणि तिनं स्वतःच त्याचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला. सांगणार काय? की बाबांनो, थांबा, बधिर केलेला हात तो आहे? नवनीतनं डोळे मिटले.

मशीन टेकलं. अरे देवा! पहिली रेघ ओढतानाच त्याचे दात करकरले. दुसऱ्या रेघेला तो “माय वं!” करून असा ओरडला की शेजारच्या भजीवाल्यानं झारा थांबवला. माणसं गोळा झाली. चुनीलाल पोट धरून म्हणाला, “काय रे, मुंगी चावनी का?” आणि सगळी हसली. नवनीतनं हिसका मारून हात सोडवला, शाईची वाटी लाथाडली आणि गर्दीतून वाट काढत सुटला. मागं वळून पाहिलं तेव्हा त्याला फक्त दोधू दिसला. दोधू बहिणीकडं बघत नव्हता, जमिनीकडं बघत होता.

घोड्यांच्या रांगांमागं कडब्याच्या गंज्या होत्या. तिथं नवनीत तोंड लपवून बसला. उजव्या हातावर दोन रेघा, लाल झालेल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. चुनीलालच्या हसण्याचं त्याला एवढं काही नव्हतं. रुपा तिथं अंजिरी साडी नेसून उभी होती, भावासमोर, त्याचं त्याला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती.

थोड्या वेळानं तीच आली. एकटी. ओरडली नाही. समोर बसली आणि त्याच्या डाव्या बाहीतून लोंबणाऱ्या प्लास्टिकला हात लावला.

“हाई काय शे?”

नवनीत खोटं बोलायला गेला, पण जमलं नाही. “मलम शे. मेडिकलमा भेटस. लावं का सुई टोचेल समजत नही.”

“असं भेटस?”

“भेटस.”

रुपा प्लास्टिककडं बघत राहिली. “मले कोनी सांगं नही,” ती म्हणाली.

“तू तर कितली धीरनी शे, रुपा. तुले कसाले लागस मलम? तू गोंदं तव्हय तर आवाजबी काढा नही, माय सांगस.”

“तुम्ही तठेच व्हतात.”

“मी? मी तर वावरमा व्हतू.”

“नही. तुम्हनी मायनी मन्हा हात धरेल व्हता, अन् तुम्ही मन्हा पायवर बसेल व्हतात.” ती शांतपणे सांगत होती. “तीन सुया दोराघाई बांधेल व्हत्यात. मी पाय झाडाले लागनू, तं तुम्ही सांगं, हालू नको, मुंगी चावनी तितलंच. तुम्हना खिसामा शेंगा व्हत्यात. फोडीसन खाई ऱ्हायनात. मी त्या मोजी ऱ्हायनू. मोजं का दुखाणं जरासं कमी लागे. सदतीस शेंगा व्हत्यात.”

नवनीतला आठवलं. ओटा आठवला, दुपार आठवली, दोस्तमंडळी बघत होती म्हणून चढलेली ऐट आठवली. तिच्या नडग्यांवर बसून तो शेंगा खात होता, टरफलं तिच्याच लुगड्यावर पडत होती. आणि हे सगळं तो साफ विसरला होता. ती एक शेंगही विसरली नव्हती. त्याला अंगावरची कातडी काढून ठेवावीशी वाटली. मघाची लाज काहीच नव्हती, ती चारचौघांतली होती. ही दोघांतलीच होती, आणि समोरची बाई तर रागावतही नव्हती.

“चला घर,” रुपा म्हणाली. “ऱ्हायनं तर ऱ्हायनं. भाऊले मी सांगसू काहीतरी.”

नवनीत उठला. घराच्या वाटेला नाही, परत धनुबाईच्या ताडपत्रीकडं गेला. गर्दी अजून पांगली नव्हती. चुनीलाल त्याची नक्कल करून दाखवत होता, त्याला पाहून थांबला. नवनीतनं बसून उजवा हात पुढं केला.

“कर, बाई.”

मशीन घरघरलं. तो ओरडला, पण हात हलवला नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, नाक वाहायला लागलं. पोरंटोरं खिदळत होती.

“गप रे, गप ऱ्हाय!” भिकुबाई लाजून चूर. “लोके देखी ऱ्हायनात!”

“देखू दे,” नवनीत हुंदके देत म्हणाला. “दुखी ऱ्हायनं, माय. भू, भलतंच दुखी ऱ्हायनं. रुपालेबी असंच दुखनं व्हई. तू तिन्हा हात धरा अन् मी तिन्हा पायवर बसनू. शेंगा खाई ऱ्हायनू मी! बैलनं नाक टोचतस तशी दाबी धरी आपण तिले.”

चुनीलालचं हसू तोंडातच राहिलं. भिकुबाईनं पदर पुढं ओढला आणि दुसरीकडं पाहायला लागली. दोधू मात्र पुढं आला. मेव्हण्याकडं त्यानं पाहिलं, मुठी वळल्या होत्या, मग बहिणीकडं वळला.

“काय वं रुपा? हाई खरं शे? तू कव्हय सांगं नही.”

रुपानं पदरानं डाव्या हातावरचं गोंदण झाकलं.

“दुखनं व्हतं का वं तुले?”

साप चावला तेव्हाही ज्या बाईनं हूं की चूं केलं नव्हतं, तिनं भावाची बाही धरली.

“हा, भाऊ,” ती म्हणाली. “भू दुखनं व्हतं.” आणि दोधूच्या पांढऱ्या सदऱ्यात तोंड खुपसून ती सगळ्या यात्रेदेखत रडायला लागली.

धनुबाईनं मशीन उचलून धरलं आणि थांबली. नवनीतनं मान वर केली नाही. हात मात्र तसाच पुढं धरून ठेवला.