गुळाचा आळ

तरसालीत कुणाच्या व्यालेल्या गाईची वार आतच अडली की हाक जायची ती मुकुंदलाच. सहकारी दूध मंडळीत तो गाई गाभण राहाव्यात म्हणून बीज भरायचा, पण नाव झालं ते हातामुळे. हातमोजे त्याला चालतच नसत. "रबरातून हाताला काय डोंबल कळतंय?" असं म्हणायचा आणि लोक माना डोलवायचे. अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवला होता मेल्याला!

विमलकाकूंची एकुलती एक गाय तांबू. सातव्या महिन्यात ती गाभडली, तेव्हाही धावला तोच. "असं कसं रे झालं?" काकू रडत होत्या. माहीत नाही म्हणायला याची जीभ रेटेना. "गूळ जास्त घातलात, काकू. उष्ण पडलं," दिलं ठोकून.

त्याला दीड महिना झाला. आज पशुवैद्य आभाबेन तांबूच्या रक्ताचा अहवाल घेऊन गोठ्यात आल्या. सोबत मुकुंदही होता.

"ब्रुसेला निघाला. संसर्ग आहे हा, यानं गाय गाभडते. काकू, नवीन जनावर आणलंत? हिला बाहेर सोडता?"

"छे गं! ही गोठा सोडत नाही."

"मग आणला कुणी? माणसालाही होतो हा. रोज संध्याकाळी ताप, कंबर धरते."

मुकुंदनं खिशातली गोळ्यांची पट्टी चाचपली. तीन आठवडे तो तापाच्या गोळ्या गिळत होता. आणि तांबू गाभडण्याच्या महिनाभर आधीची संक्रांत, उत्तरायणचा दिवस आठवला. सकाळी मकरपुऱ्याकडे एका गाभडलेल्या गाईची वार काढली, बादलीत हात नुसते बुचकळले आणि काकूंच्या उंधियूच्या ओढीनं थेट इथं आला. आल्याआल्या तांबूला लाडानं कोंड्याचे गोळे भरवले. याच हातांनी.

गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण काकू कडेला उभ्या राहून तांबूची मान खाजवत होत्या, ते त्याला बघवेना.

"मी आणला, काकू," तो म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं.

काकूंनी एवढंच विचारलं, "म्हणजे गूळ नव्हता?"

"नव्हता."

"दीड महिना रोज हिच्या गळ्यात पडून माफी मागतेय रे मी. गुळाचा खडा तोंडात घातला नाही."

चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखा होऊन तो त्यांचे पाय धरायला वाकला.

काकूंनी पाय मागे घेतले.

"आधी हात धू," त्या म्हणाल्या.