एकतीस दवाखाने आणि एक पान

सात वर्षं प्राध्यापिकाबाई एकाच प्रश्नाच्या मागे लागल्या होत्या: गरोदर बायका सरकारी दवाखान्यात तपासणीला का येत नाहीत? त्या सात वर्षांत त्यांचे केस पिकले, हाताखालच्या दोन मुली डॉक्टरेट मिळवून मार्गी लागल्या, आणि तीनशे बारा पानांचा अहवाल आरोग्य खात्याच्या कपाटात जाऊन बसला. विद्यार्थी त्यांना माघारी ‘जर-तर बाई’ म्हणत. काहीही विचारा, उत्तरात एक जर आणि दोन तर ठरलेले.

मंगळवारी खात्याच्या उपसचिवांचा फोन आला.

“मॅडम, एकतीस छोटे दवाखाने बंद करायचं चाललंय. दिवसाला पाच बायकासुद्धा येत नाहीत तिथे. शुक्रवारी बैठक आहे. बंद करावेत की नाही, एका पानात कळवा.”

“अहवालात सगळं आहे, साहेब.”

“आहे ना. उशाला घेऊन झोपलो तरी डोक्यात शिरला नाही.”

पूर्वी असल्या फोनने बाईंचं डोकं फिरायचं. आता नुसता थकवा यायचा, जिना चढून आल्यासारखा. “बघते,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

घरी त्यांचे वडील खुर्चीत गुडघ्यांना तेल लावत बसले होते. हयात तारखात्यात गेलेली, त्यामुळे दहा शब्दांत कुणाचं मरण आणि कुणाचं बारसं कळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. अर्धा तास लागला.

“मग बंद करायचे की नाही?” वडिलांनी विचारलं.

“तेच तर सांगत होते, बाबा.”

“नाही गं. तू किती राबलीस ते सांगितलंस. उत्तर राहिलंच.”

बाई चिडल्या. “चार ठिकाणी नर्सनी आपणहून वेळ बदलली. सकाळी दहा ते एकच्या ऐवजी दुपारी तीन ते सहा. कारखान्यातल्या बायका अडीचला सुटतात. तिथे तिप्पट बायका यायला लागल्या. पण चारांवरून एकतिसांचं कसं सांगू?”

“मग चारांचंच सांग. बाकीचं माहीत नाही म्हण. माहीत नाही म्हणायला लाज कसली?”

बुधवार-गुरुवार त्या एका पानात गेले. प्रत्येक वाक्य कापताना जिवावर येत होतं. शेवटी उरलं ते एवढंच: बारा दवाखाने कारखान्यांजवळ आहेत, तिथे सहा महिने वेळ बदलून पाहा आणि मोजा. उरलेल्या एकोणिसांबद्दल आमच्याकडे माहिती नाही.

शुक्रवारच्या बैठकीत खात्याच्या सचिवांनी त्यांना नऊ मिनिटं दिली. पान वाचलं, मान हलवली. “हे कळलं बुवा,” म्हणाले. बाईंना उगाच भरून आलं. सात वर्षांत हे पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं.

दहा दिवसांनी एका नर्सचा फोन आला. डोंगराकडच्या दवाखान्यातली, माणूस रोखठोक.

“बाई, काल आमच्या दाराला कुलूप लागलं. कागदावर तुमचं नाव आहे म्हणतात. तुम्ही तर इथे कधी पाऊलसुद्धा ठेवलं नाहीत.”

बाई तडक खात्यात गेल्या. उपसचिवांनी बैठकीचं इतिवृत्त पुढे केलं. त्यात लिहिलं होतं: ‘उर्वरित एकोणीस केंद्रांबाबत तज्ज्ञांची हरकत नाही.’

“मी ‘माहिती नाही’ म्हटलं होतं, साहेब.”

“हो, म्हणजे...” उपसचिव अडखळले. “आमच्याकडे ‘माहिती नाही’ म्हणजे ‘हरकत नाही’ असंच धरतात.”

“आमच्याकडे ‘माहिती नाही’ म्हणजे ‘थांबा’.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढवायला अंगात ताकदच नव्हती. कदाचित म्हणूनच उपसचिवांनी मान खाली घातली. म्हणाले, “सहा बंद झालेत. ते आता उघडायचे तर वरपर्यंत जावं लागेल, वर्ष जाईल. उरलेल्या तेरांचे आदेश माझ्याच टेबलावर आहेत. ते मी अडवून धरतो.”

“माझं नाव काढा त्यातून.”

“काढतो. पण मॅडम, तेरांचं उत्तर कुणीतरी द्यायला लागेल. या वेळी मी घाई करत नाही. काय विचारायचं तेच तुम्ही नीट मांडून द्या.”

नाही म्हणायचं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. घरी जाऊन आडवं पडावं, दुसऱ्या कुणीतरी मोजावं. पण त्या म्हणाल्या, “मग सोमवारी माझ्याबरोबर चला. गाडी नको, बसने.”

सोमवारी दोघं त्या तेरांपैकी एका दवाखान्यात जाऊन बसले. बाकडं अरुंद होतं, पंखा कुरकुरत होता. नर्सने दोघांना पाणी दिलं आणि आपल्या कामाला लागली. दुपारपर्यंत तीन बायका आल्या. चौथी दारापर्यंत आली आणि आत बसलेल्या साहेबांना पाहून परत फिरली.

“ही का गेली?” उपसचिवांनी विचारलं.

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “उठा, विचारू या.”

गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या आणि त्या बाईच्या मागे उन्हात चालू लागल्या.