डोम्ब्रोव्स्कीचा अंगठा

सांता क्लारामधल्या आमच्या कंपनीत नवा अँप्लिफायर बाजारात काढायचा, तर ज्याने तो आखला त्याची सही लागते. या वेळी सही माझी हवी होती आणि मी ती करत नव्हतो.

अँप्लिफायर आपल्याच आउटपुटकडे बघून स्वतःला सुधारत असतो. सुधारणा फार उशिरा पोचली तर ती उलटी पडते, आणि तो आपला आपणच डोलायला लागतो. त्या उशिराला अजून किती वाव आहे हे अंशांत मोजतात. त्याला फेज मार्जिन म्हणतात. साठ अंश असले की काळजी नाही. आमच्या अँप्लिफायरच्या चिपला मीटरभर केबल जोडली की काहीच उरत नसे.

तसं मार्जिन आमच्या कंपनीलाही नव्हतं. कर्क डोम्ब्रोव्स्की हे आमचे डायरेक्टर. जानेवारीत ते म्हणाले, चिप हळू आहे. आम्ही ती वेगवान करून आणली तोवर एप्रिल उजाडला होता आणि त्यांना वीज कमी खाणारी हवी होती. जूनमध्ये ती पुन्हा हळू झाली म्हणून ते माझ्यावरच चिडले.

केबलचं सांगितलं तर ते म्हणत, माझ्यासमोर तर व्यवस्थित चालते. चाचणी बघणाऱ्या रोझाल्बाने त्याचं कारण शोधलं. कर्क बोलताना चिप बसवलेल्या बोर्डावर हात टेकत, आणि त्यांचा अंगठा नेमका एका रेझिस्टरवर पडे. अंगठा असला की चिप शांत, उचलला की डोलायची. दुसरा कुणी ओशाळला असता. कर्कने गुरुवारचं प्रात्यक्षिक स्वतःकडे घेतलं.

गुरुवारी येणार होत्या नादीन फोरसाइथ. त्यांची कंपनी दवाखान्यांसाठी थेंबाथेंबाने औषध सोडणारे पंप बनवते. आदल्या दिवशी कर्क माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "लाइल, घरी कुणी वाट बघत नाही म्हणून तू इथे आकडे उगाळत बसतोस. सही कर आणि महिनाभर कुठेतरी जाऊन ये."

माझ्या बायकोच्या, मार्थाच्या, उशाशी शेवटचे सात आठवडे तसाच पंप होता. मी रोज त्याच्याकडे बघायचो. तो चुकला असता तरी मला कळलं नसतं. हे मी कर्कला सांगितलं नाही.

प्रात्यक्षिक छान चाललं. कर्क पस्तीस मिनिटं अंगठा न हलवता बोलले. डोनट आले, त्यांनी डाव्या हाताने खाल्ला. मग त्यांनी सहीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी पेन खाली ठेवलं.

"कर्क, अंगठा काढा," मी म्हणालो.

त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. रोझाल्बाने त्यांच्यापुढे कागदी रुमाल धरला. डाव्या बोटांना साखर लागली होती, ती पुसायला त्यांनी उजवा हात उचलला. आउटपुट दाखवणाऱ्या पडद्यावरची सरळ रेघ फुगून जाड पट्टा झाली.

नादीनबाई पट्ट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "प्रत्येक चिपबरोबर हे गृहस्थही मिळतात का?"

कर्क हसले. बाकी कुणी हसलं नाही.

मी बाईंना सांगितलं, आत मोठा कपॅसिटर घातला तर साठ अंश मिळतील, पण चिप चौपट हळू होईल. कर्क म्हणाले, हळू चिप कोण घेणार? बाई म्हणाल्या की त्यांचा पंप तासाला दोन मिलिलिटर सोडतो, त्याला कसली घाई आहे?

नवा नमुना यायला अकरा आठवडे लागले. त्याच्या कागदावर मी सही केली.